जावयाच्या मोज्यातली सुरी

शेवंती_इन्व्हरनेस

मंडळी, नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळीच अडचण घेऊन आलेय.

लेकीचं लग्न सप्टेंबरात आहे, इथेच इन्व्हरनेसजवळ. मुलगा स्कॉटिश, आडनाव ग्रँट. आपल्यात जावयाला अंगठी, घड्याळ, सुटाचं कापड असं काही ना काही होतंच. विहीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्यात द्यायलाच हवं असं काही नाही. पण द्यायचंच असेल तर एक बरीशी स्कीअन डू द्या. त्याच्याकडची शाळेच्या बँडमधली आहे, प्लास्टिकच्या मुठीची."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: किल्ट (इथल्या पुरुषांचा चुणीदार घागरा) घातल्यावर गुडघ्याखालच्या लोकरी मोज्यात खोचतात ती छोटी सुरी म्हणजे स्कीअन डू. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत स्कीअन म्हणजे सुरी आणि डू म्हणजे काळी. लिहिताना 'डू'च्या शेवटी दोन मुकी अक्षरं असतात, त्यामुळे आमचे हे वर्षभर 'डब' म्हणत होते आणि व्याही सभ्यपणे गप्प बसत होते.

गेल्या आठवड्यात एका कारागिराकडे जाऊन आले. त्याने मखमल वगैरे काही अंथरली नाही, सरळ कामाच्या टेबलावरचा भुसा हाताने बाजूला सारून तीन सुऱ्या ठेवल्या. मला मधली आवडली. पातं जेमतेम साडेतीन इंच, एका बाजूनेच धार. मूठ बॉग ओकची, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं गाडला गेलेला ओक. कोळशासारखा काळा होतो, पण हातात घेतला की लाकूडच आहे हे कळतं, शिंगासारखा गार लागत नाही. मुठीवर टोपलीच्या विणीची नक्षी आणि विणीच्या प्रत्येक घरात टाचणीच्या डोक्याएवढा चांदीचा खिळा. वरच्या टोकाला कोऱ्या चहाच्या रंगाचा खडा. म्यान लाकडाचं, वरून काळं चामडं, तोंडाशी आणि टोकाशी चांदी. त्या तोंडाच्या चांदीवर कुळाचं चिन्ह बसवून देतो म्हणाला.

इथेच घोळ आहे. किंमत ऐकून मी आधी शहाणपणा केला होता: एका ऑनलाइन दुकानातून 'ग्रँट कुलचिन्हाची' म्हणून एक स्वस्तातली मागवली होती. आली. डोंगर आणि त्यावर ज्वाळा, अगदी फोटोतल्यासारखी. विहीणबाईंनी चष्मा लावला, डोंगराभोवतीची अक्षरं वाचली आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. "ही आमची नव्हे, मॅकेन्झींची!" पुढे काही समजावून सांगायच्या आत चहा आला आणि विषय राहिला.

तर जाणकारांनी सांगा. हे चिन्ह नक्की कुणाचं असतं, आम्ही परक्यांनी कोरून दिलेलं चालतं का, आणि नंतर पुण्याच्या रिसेप्शनला हे सगळं न्यायचं कसं?

खवचट_काका

सासूने जावयाला सुरी द्यायची? सासूबाई, आत्मविश्वास दांडगा आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

रानमेवा

अभिनंदन शेवंतीताई! मी ग्लासगोची. एक लक्षात ठेवा, इथे सुरी फुकट घेत नाहीत. घेणाऱ्याने देणाऱ्याला एखादं नाणं द्यायचं, पेनी का असेना. नाहीतर धारेने नातं कापलं जातं म्हणतात. माझी आजी सुरी कधी हातात देत नसे, खाली ठेवायची, मग आपण उचलायची. मिठाचंही तेच. त्यामुळे मला हे ऐकून मुळीच नवल वाटलं नाही.

पोथीबंद

छान विषय. थोडा इतिहास.

'काळी' या शब्दाचा दुसरा अर्थ 'लपवलेली' असाही लावतात, आणि मला तोच जास्त पटतो. हायलँडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक काखेत, कोटाच्या बाहीआड एक छोटी सुरी बाळगत, तिला स्कीअन अख्लश म्हणत. अख्लश म्हणजे काख. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलं की तलवार, डर्क (लांब खंजीर) ही मोठी हत्यारं दाराशी ठेवायची. लपवलेली सुरी तशीच लपवून बसणं म्हणजे यजमानावर अविश्वास, म्हणून ती काढून मोज्यात, डोळ्यांना दिसेल अशी खोचायची. असा तो रिवाज सांगतात. दुसरं मूळ शिकारीच्या सुऱ्यांच्या जोडीत आहे: मोठी हरणाचे तुकडे करायला, छोटी कातडं सोलायला.

एडिनबरोच्या राष्ट्रीय कलादालनात हेन्री रेबर्नने १८१२च्या सुमारास काढलेलं ग्लेनगॅरीच्या कर्नल मॅक्डोनेलचं पूर्णाकृती चित्र आहे. बघायला गेलात तर चेहऱ्याकडे नंतर बघा. उजव्या मोज्याच्या कडेला सुरीची मूठ डोकावताना दिसते.

तर्कटराव

पाहुणचाराची गोष्ट गोड आहे, पण या साऱ्या 'प्राचीन परंपरा' १८२२च्या आहेत. चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सोहळ्याची आखणी केली, राजाने किल्टखाली गुलाबी तंग विजार घातली आणि तेव्हापासून सगळा स्कॉटलंड डोंगरी झाला. पुढे व्हिक्टोरिया राणीने तिथल्या डोंगरात बाल्मोरलचा वाडा घेतला आणि चांदी-खड्यांचा बाजार तेजीत आला. जावयाला देताय ती सुरी व्हिक्टोरियन दागिना आहे, हत्यार नव्हे. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

पोथीबंद

तर्कटराव, अर्धं मान्य. खडे, चांदी, कुळाची चिन्हं, ठरलेला पोशाख हे एकोणिसाव्या शतकाचं. पण मधली ओळ तुम्ही गाळलीत. १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्यांचा, पराभव झाला. शेवंतीताईंच्या घरापासून ती जागा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर असेल. त्यानंतर हत्यारबंदी आधीपेक्षा कडक झाली आणि डोंगरी पोशाखच कायद्याने बंद केला, तो १७८२पर्यंत. पुरुषांनी किल्ट घातला तर पहिल्यांदा सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार पाठवणी. वेगळ्या डोंगरी पलटणींत भरती झालात तरच सूट. म्हणजे पस्तीस वर्षं जे घालायची चोरी होती तेच पुढे चाळीस वर्षांनी राजा स्वतः मिरवत होता. याला नुसतं नाटक म्हणून सोडून देता येत नाही. आणि रेबर्नचं चित्र १८२२च्या आधीचं आहे, हेही विसरू नका.

तर्कटराव

चित्राचा मुद्दा बरोबर. बाकीचं नंतर भांडू.

शिक्केकरी

ताई, तुमच्या विहीणबाई का हसल्या ते सांगतो. ग्रँट आणि मॅकेन्झी, दोन्ही कुळांच्या चिन्हात पेटलेला डोंगर आहे. फरक ब्रीदात. ग्रँटांचं 'स्टँड फास्ट', म्हणजे पाय रोवून उभे राहा. मॅकेन्झींचं लॅटिन, 'लुसेओ नॉन उरो', उजळतो पण जाळत नाही. दुकानदाराने ज्वाळा बघून डबी उचलली, अक्षरं वाचली नाहीत. ग्रँटांचा डोंगर खराखुरा आहे, एव्हिमोरजवळचा क्रेगेलखी. त्यावर जाळ करून कुळाला गोळा करत आणि त्याचं नावच त्यांची रणगर्जना होती.

आता मुद्द्याचं. स्कॉटलंडमध्ये 'घराण्याचं चिन्ह' असं काही नसतं. ते चिन्ह कुळाच्या प्रमुखाचं, एकट्याचं, वारसाहक्काने आलेली त्याची मालमत्ता. बाकीचे ग्रँट ते चिन्ह आपलं म्हणून लावत नाहीत, ते प्रमुखाचं चिन्ह त्याच्या पट्ट्यासकट लावतात. तुमच्या सुरीवर डोंगराभोवती एक गोल पट्टा असेल, खाली बक्कल असलेला, ब्रीद त्या पट्ट्यावरच लिहिलेलं. पूर्वी प्रमुख आपल्या माणसांना चिन्हाचा बिल्ला द्यायचा आणि ते तो पट्ट्याने बांधायचे, तो पट्टा तसाच चित्रात राहिला. त्याचा अर्थ 'हे माझं' असा नाही, 'मी यांचा माणूस' असा आहे. प्रमुख स्वतः पट्टा लावत नाही, त्याच्या चिन्हामागे गरुडाची तीन पिसं असतात.

हे नुसते संकेत नाहीत बरं का. लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स नावाचा अधिकारी आहे, एडिनबरोत त्याचं स्वतःचं न्यायालय भरतं आणि १६७२च्या कायद्याने सुरू झालेली नोंदवही आजही चालू आहे. दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून मिरवलं तर खटला होऊ शकतो. पट्टा-बक्कल असेल तर तुमचा जावई निर्धास्त. देणारा कोण हा प्रश्नच येत नाही, लावणारा ग्रँट आहे ना, झालं.

शेवंती_इन्व्हरनेस

शिक्केकरी, आज विहीणबाईंना पट्ट्याचं विचारलं. त्या म्हणाल्या चिन्ह राहू दे, आमचं खरं ते पाइनचं झाड. प्रत्येक कुळाची एक वनस्पती असते म्हणे, टोपीला तिची डहाळी खोचायची. ग्रँटांची स्कॉट्स पाइन, मॅकेन्झींची हॉली, मॅक्डोनाल्डांची हीदर.

मी म्हटलं, अहो हे तर देवक! आमचं पंचपल्लव, ह्यांच्या आईच्या माहेरचं कळंब. अर्धा तास मी त्यांना देवकप्रतिष्ठा समजावत होते. डहाळी लग्नाच्या आधी देवापाशी बसवतात आणि एक देवक असलं की सोयरीक होत नाही, हे ऐकून त्यांनी आधी विचारलं, "मग तुमचं पाइन नाही ना?"

खवचट_काका

धागा सुरीवरून कळंबावर गेला. आता मानपानावर जाणार.

परदेशी_कोल्हापूरकर

मी अ‍ॅबर्डीनला असतो. जानेवारीत ऑफिसात स्कॉटिश कवी बर्न्सच्या जयंतीचं जेवण असतं, किल्ट भाड्याने आणतो. मलाही एक हवी आहे, पण ग्रँट-मॅकेन्झी नको. नेटवर आडनाव टाकलं की कुलचिन्ह बनवून देणारी दुकानं आहेत. एकात 'पाटील' टाकलं तर ढाल, दोन सिंह आणि भगवा आला! बनवून घेऊ का?

शिक्केकरी

सिंह छान असतील, पण ते पाटलांचे नाहीत, त्या दुकानाच्या संगणकाचे आहेत. जगभरातले सगळे पाटील एका चिन्हाखाली यायचे म्हणजे सांगलीपासून जळगावपर्यंत दंगल. आपल्याकडे आडनावावरून चिन्ह ठरत नाही, देवक, कुलदैवत, गोत्र यांवर चालतं, आणि यांतलं काहीच ढालीवर काढायची आपली रीत नव्हती.

त्यापेक्षा साधी घ्या. चिन्हाशिवायची स्कीअन डू पूर्णपणे रीतसर असते. खूप जण थिसल या काटेरी झुडपाचं फूल लावतात, ते साऱ्या देशाचं आहे, कुणी हरकत घेत नाही. नाहीतर मुठीवर स्वतःची आद्याक्षरं कोरा. मोडीत कोरलीत तर मला फोटो पाठवा.

परदेशी_कोल्हापूरकर

मोडी! वा. दंडवत.

ठोकळा

मी नाशिकला सुऱ्या बनवतो, हौस म्हणून. फोटो बघून दोन शब्द, जास्त नाही.

स्वस्तातल्या ओळखायच्या तर चिन्हाची कड बघा. ओतीव जस्त-मिश्रधातूचा बिल्ला असतो, कडा गोल, ज्वाळांच्या जिभा एकमेकीला चिकटलेल्या, आणि मागून डिंकाने चिकटवलेला. दोन पावसाळ्यांत निघतो. हाताने कोरलेल्यात प्रत्येक ज्वाळेच्या बुडाशी छिन्नीचा बारीक त्रिकोणी ठसा दिसतो. चांदी असेल तर छाप बघा: एडिनबरोच्या छापात तीन बुरुजांचा किल्ला असतो. खडा केअर्नगॉर्म म्हणजे त्याच नावाच्या डोंगरातला धुरकट क्वार्ट्‌झ, स्वस्तात काच. किल्टचं कितीतरी स्वस्त सामान, बॅगपाइपसकट, पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतं आणि सुऱ्यांचं गाव म्हणजे शेजारचं वझीराबाद. तिथे वाईट माल होतो असं मुळीच नाही, हात चांगले आहेत. पण कवडीमोलाने माल मागणारा व्यापारी असला की कारागीर तरी काय करणार.

पात्याच्या पाठीवर दाते पाडलेले दिसले का? अंगठा टेकवायला म्हणून सुरू झाले, आता शोभेचे. पण तुमच्या फोटोतल्या मधल्या सुरीचे दाते हातानेच पाडलेत, अंतरं किंचित कमीजास्त आहेत. तीच घ्या.

आणि एक विचारा: जावई उजखोरा की डावखुरा? सुरी ज्या हाताने काढायची त्याच पायाच्या मोज्यात, बाहेरच्या बाजूला असते. म्यानाची नक्षी एकाच बाजूला असते, त्यामुळे पाय बदलला की धारेची दिशा उलटी होते. कारागिराला आधी सांगावं लागतं.

शेवंती_इन्व्हरनेस

डावखुरा आहे! बरं झालं विचारलंत, आत्ताच कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, नाशिकच्या माणसाने.

उंटावरून_शेळ्या

प्रवासाचं मी सांगतो, कारण मी शिकलोय. मित्राच्या लग्नाहून परतताना सुरी हातातल्या बॅगेत राहिली. विमानतळावर यंत्रातून बॅग गेली, पडद्यावर ती अशी ठसठशीत दिसली की मला स्वतःलाच भीती वाटली. गेली ती गेली. चामड्याचं म्यान तेवढं परत दिलं, ते अजून कपाटात आहे, रिकामं. चेक-इनच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून टाका, काही होत नाही.

स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर न मिटणारी सुरी बाळगणं गुन्हा आहे, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून असेल तर १९९५च्या कायद्यात तो बचाव स्पष्ट दिलाय. शिखांच्या कृपाणाला धार्मिक कारणाचा बचाव तिथेच, त्याच कलमात. म्हणजे किल्टवर चालेल, जीन्सच्या खिशात नाही. भारतात आपले शस्त्रनियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं बघतात, तुमचं साडेतीन इंच आहे. बारा इंची डर्क नेणार असाल तर मात्र आधी चौकशी करा.

गिरगावकर

इतका वेळ कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. आमचं ग्रँट रोड! रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर, ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. त्याचा बाप चार्ल्स ग्रँट १७४६ साली इन्व्हरनेसजवळच जन्मला, म्हणजे पोथीबंद म्हणतात त्या कलोडनच्याच वर्षी. लहानपणी फास्ट ट्रेन ग्रँट रोडला थांबत नसे, 'स्टँड फास्ट'चा अर्थ आम्हाला तेव्हाच कळला होता.

आणि साताऱ्याची वाघनखं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ, मूळचा नुसता ग्रँट, १८१८नंतर साताऱ्याचा रेसिडेंट होता. त्याला मिळालेली वाघनखं तो स्कॉटलंडला घेऊन गेला. पेटीवर लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची. पुढे ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली आणि जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्यात, आली. हीच ती, असं संग्रहालय स्वतः छातीठोकपणे म्हणत नाही, ते वेगळं. पण एका ग्रँटाने आपल्याकडून हत्यार नेलं आणि आता ताई एका ग्रँटाला हत्यार देतायत.

पोथीबंद

गिरगावकर, मॅकेन्झींचंही राहिलं की. असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ७८वी डोंगरी पलटण होती, ती मॅकेन्झींच्या प्रमुखाने उभारलेली. त्या पलटणीला पुढे बिल्ल्यावर हत्ती मिळाला आणि खाली 'असई'. ७४वी डोंगरी पलटणही तिथे होती, तिची तर शिंद्यांच्या तोफांनी चाळण केली.

शेवंती_इन्व्हरनेस

अगंबाई. हे जालन्याचे आहेत! असईपासून त्यांच्या आजोळचं शेत फार लांब नाही. मॅकेन्झीवाली सुरी परत पाठवणार होते, आता हे देईनात. म्हणतात ही माझी.

शेवंती_इन्व्हरनेस

(चार महिन्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायला आणि धागा पूर्ण करायला आलेय. लग्न झालं. सकाळी पंचपल्लव मांडलं, त्यात विहीणबाईंनी बागेतून तोडून आणलेली पाइनची डहाळी स्वतः ठेवली. भटजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.

सुरी मी जावयाला सीमांतपूजनाच्या वेळी दिली. चिन्ह म्यानाच्या तोंडाशी, बोटाच्या पेराएवढं. डोंगर, ज्वाळा, पट्टा, बक्कल, आणि या वेळी अक्षरं मी भिंग घेऊन तीनदा वाचली होती. त्याने डाव्या मोज्यात खोचली, खडा तेवढा वर. मग रानमेवांनी सांगितलेलं आठवलं, म्हटलं नाणं दे. त्याने पोटावरच्या त्या केसाळ बटव्यात हात घातला. फोन निघाला, रुमाल निघाला, भाषणाचा कागद निघाला, नाणं नाही. इथे आता कुणी सुटे पैसे बाळगत नाही. शेवटी त्याने पूजेच्या ताटातला, सुपारीशेजारचा रुपया उचलला आणि दोन्ही हातांनी मला दिला.

मॅकेन्झीवाल्या सुरीचा बिल्ला ठोकळा म्हणाले तसा निघाला, पावसाळ्याचीही वाट बघितली नाही. हे तिने टपाल फोडतात.

खवचट_काका

म्हणजे सुरीही तुमची आणि रुपयाही तुमचा. फोटो टाका.